लंबगोल भोकं आणि घोडीची नाल

माझ्या नोकरीतली बहुतेक वर्षं मी भोकं नापास करण्यात घालवली. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. मोठा नाही, छोटाही नाही, लग्नात ओळख करून देताना ‘कंपनी’ म्हणता येईल एवढा. ट्रॅक्टरच्या इंजिनात जो पिस्टन वर-खाली होतो, त्याला आडवं आरपार भोक असतं आणि त्या भोकात एक पिन बसते. आम्ही ते भोक करतो आणि मी ते मोजते. माझ्या खोलीत एसी आहे, कारण मोजायच्या यंत्राला गरम झालेलं चालत नाही. माणसांना चालतं, असं आमच्या साहेबांचं मत. त्यामुळे मे महिन्यात सगळ्या कारखान्याला अचानक तांत्रिक शंका येतात आणि सगळे माझ्या खोलीत येऊन त्या सावकाश विचारतात.

चाचा बोरिंग मशीनवर होते. पाडलेलं भोक आतून कातून नेमक्या मापाचं आणि नेमकं गोल करायचं, हे त्यांचं काम. ते जुन्या जालन्यात राहतात. घरी उर्दू बोलतात, आमच्याशी आमच्यासारखं बोलतात, आणि मशीन अडलं की तिसरंच काहीतरी बोलतात, जे इथे लिहिता येत नाही. भोक जरा लंबगोल आलं की मी त्या पिस्टनवर लाल रंगाचा फराटा ओढायचे. मग चाचा तो पिस्टन घेऊन माझ्या खोलीत यायचे आणि एसीखाली नीट उभे राहून भांडायचे.

“ताई, गोलच हाय की हे. चंद्र बी इतका गोल न्हाई.”

“चंद्रात पिन बसवायची नाही चाचा.”

“तुला गोल दिसतच न्हाई. तुझी नजर वाकडी हाय.”

“माझी नजर नाही, यंत्र सांगतंय.”

“मंग यंत्राला चहा पाज.”

हे भांडण रोज व्हायचं. एखाद्या दिवशी झालं नाही तर मला जेवण गोड लागायचं नाही, आणि चाचा दुपारनंतर उगाच दारातून डोकावून जायचे.

अशात एका गिऱ्हाईकानं नवीन प्रकारचा पिस्टन मागितला. त्याचं भोक मुद्दाम लंबगोल हवं होतं. कारण सांगते, कारण मलाही ते पचायला वेळ लागला. इंजिन जोरात चाललं की पिन अगदी किंचित वाकते आणि दबते. भोक एकदम गोल असेल तर ती त्याच्या कडेला घासते, नवी चप्पल टाचेला घासते तशी, आणि एक दिवस तिथून पिस्टनला चीर जाते. म्हणून भोक आधीच थोडं लंबगोल करून ठेवायचं. किती थोडं, तर डोळ्याला दिसणार नाही, बोटाला लागणार नाही, फक्त माझ्या यंत्राला कळेल इतकं.

ही बातमी कळल्यावर चाचा माझ्या खोलीत आले. हातात पिस्टन नव्हता. खुर्ची ओढून बसले, हे पूर्वी कधी झालं नव्हतं.

“इतकी वर्षं मी फुकट देऊन राह्यल्तो,” ते म्हणाले, “अन् तू लाल रंग लावून फेकून राह्यल्ती.”

त्यांनी ते पुढे महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, कँटीनवाल्यालाही.

पण हातानं चुकून लंबगोल करणं वेगळं आणि दर वेळी तेवढंच, त्याच दिशेला लंबगोल करणं वेगळं. त्यासाठी साहेबांनी एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या सरांच्या मदतीनं नवं मशीन उभं केलं. त्यात कातायचं हत्यार एका दांड्यावर बसवलेलं असतं आणि दांडा गरगर फिरतो, इथपर्यंत जुनंच. नवीन हे, की दांड्याच्या चारी बाजूंनी विजेवर चालणारी चुंबकं आहेत. दांडा फिरत असतानाच ती त्याला हळूच ओढतात, सोडतात, पुन्हा ओढतात. त्या ओढीनं दांडा किंचित वाकतो, हत्यार तेवढंच बाहेर जातं, आणि भोक हवं तिथे फुगतं. वीज बंद असली तरी आत थोडं कायमचं चुंबक असतंच. त्यामुळे मशीनजवळ पाना किंवा स्क्रू ठेवला की तो आपोआप जाऊन चिकटायचा. पहिल्या आठवड्यात त्यानं माझ्या ओढणीची पिन ओढून घेतली आणि मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

साहेबांनी जुनी बोरिंग मशिनं विकायला काढली. नव्या मशीनवर पुण्याहून शिकून आलेला नवा माणूस येणार होता, पण गिऱ्हाईकानं नमुने पास केल्यावर. तोवर मशीन चाचांच्या हाती. आणि त्यानंतर चाचांनी घरी बसायचं, हे साहेबांनी ठरवलं होतं. तोंडानं ते कुणाला बोलले नव्हते. पण ऑफिसच्या कपाटात एक नवी कोरी शाल येऊन पडली होती. माझी मापं ठेवायचा खण त्याच कपाटात आहे, म्हणून मला दिसली. चाचा एकदा माझ्याकडे मापं मागायला आले तेव्हा त्यांनाही दिसली. दोघांनीही ती न पाहिल्यासारखं केलं.

“घरी बसलो की सुना हातात टीव्हीचा रिमोट देतील,” एकदा ते आपणहून म्हणाले. “म्हणतील, अब्बा, आराम करा. त्या शब्दाची मला लई भीती वाटते ताई.”

मला ते जायला नकोच होते. साधं सांगायचं तर माझ्याशी इतक्या मनापासून भांडणारं दुसरं माणूस त्या कारखान्यात नव्हतं.

त्या वर्षी खंडेनवमीला सगळ्या मशीनांची पूजा झाली. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, लिंबू-मिरची. चाचा नमाजी माणूस, पण दरवर्षी माळा बांधायला तेच शिडीवर चढतात, कारण बाकीच्यांना गाठ मारता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. या वेळी शिडीवरून उतरताना त्यांनी खिशातून एक जुनी घोड्याची नाल काढली आणि नव्या मशीनच्या चुंबकाच्या डब्याजवळ नेली. ती खट्‌कन हातातून सुटली आणि जाऊन बसली.

“हे काय चाचा?” मी विचारलं.

“तुमचे झेंडू, माझी नाल. अब्बांच्या घोडीची हाय. टांगा होता आमचा, स्टेशनावर.”

“नजर लागू नये म्हणून?”

“नजर-बिजर मी मानत न्हाई,” ते म्हणाले, आणि नालेचं तोंड वर आहे की नाही हे वाकून पाहिलं. तोंड खाली असलं तर बरकत सांडते, हे मात्र ते मानतात.

दुसऱ्या दिवशी दसरा. साहेबांना मशीन मुहूर्तावरच सुरू करायचं होतं, म्हणून सर सणाच्या दिवशी कॅलिब्रेशनला आले. म्हणजे चुंबकाला किती वीज दिली की हत्यार किती सरकतं, हे मोजून मशीनला एकदाचं शिकवून ठेवायचं. सरांनी माळ बाजूला केली आणि नालेला हात घातला. साहेब आडवे आले.

“सर, पूजा झालीये. आजच्या दिवशी काही काढू नका.”

सर भला माणूस. त्यांनी नालेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि म्हणाले, “राहू द्या. जे आहे ते धरून मशीन हिशोब लावेल.”

मशीननं हिशोब लावला. हिवाळाभर चाचा भोकं करत राहिले आणि मी ती मोजत राहिले. माझं यंत्र प्रत्येक भोकाचा आकार पुष्कळ मोठा करून कागदावर काढून देतं. रोज तोच सुबक लंबगोल निघायचा, अगदी नव्या सुनेनं सासूसमोर जपून लाटलेल्या पोळीसारखा. लाल रंगाची डबी वाळून गेली. भांडायला विषय उरला नाही, म्हणून आम्ही एसीच्या तापमानावरून भांडायला लागलो.

मग पुण्याच्या मॅडम नमुने बघायला येणार असं ठरलं. गिऱ्हाईकाच्या बाजूनं पास-नापास त्यांच्या हातात. आदल्या दिवशी साहेबांच्या अंगात सफाई संचारली. भिंतींना रंग, जमिनीवर पिवळे पट्टे, कँटीनच्या कुत्र्याची हकालपट्टी. नव्या मशीनसमोर येऊन ते थांबले. वाळलेली माळ, सुकलेली मिरची, कुणीतरी चिकटवलेला देवाचा स्टिकर आणि ती नाल.

“ही जत्रा काढा इथून,” साहेब म्हणाले. “पुण्याची बाई काय म्हणेल? सगळं भंगारात टाका.”

आमच्याकडे भंगारात टाकणं म्हणजे काय ते जालनेकराला सांगायला नको. इथे भंगार पडून राहत नाही. ते भट्टीत जातं आणि सळई होऊन बाहेर येतं. आज टाकलेली नाल आठवड्याभरात कुणाच्या तरी स्लॅबमध्ये असते. चाचांनी मान हलवली, मशीन पुसून चकाचक केलं, आणि साहेबांनी विचारल्यावर “टाकली” म्हणाले.

सकाळी मॅडम यायच्या आधी चाचांनी सहज एक पिस्टन कातला. मी मोजला. कागदावर बटाटा निघाला. एका बाजूनं नीट फुगलेला, दुसऱ्या बाजूनं जास्तच. मी पुन्हा मोजला. पुन्हा बटाटा. दुसरा पिस्टन कातला, त्याचा त्याहून देखणा बटाटा.

साहेबांचा चेहरा त्या कागदासारखाच झाला. सरांना फोन लावला तर ते परीक्षेच्या ड्युटीवर, फोन बंद. चाचांनी हत्यार बदललं, वायरी तपासल्या, मशीनला ते तिसऱ्या भाषेतलं सगळं ऐकवलं. तेवढ्यात मॅडमची गाडी आलीच. उंच, बारीक, फार न बोलणाऱ्या बाई. त्यांनी चहा नाकारला आणि सरळ माझ्या खोलीत येऊन कागद मागितले. मी हिवाळ्यातले कागद आधी दाखवले. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, “आजचे.”

आजचे त्यांनी एकदा सुलटे धरून पाहिले, एकदा उलटे. “जेवणानंतर माझ्यासमोर पुन्हा करा,” एवढंच म्हणाल्या. साहेब त्यांना घेऊन बाहेर गेले. जालन्यात आलेल्या पाहुण्याला मोसंबीचा रस पाजल्याशिवाय साहेब सोडत नाहीत, कारखाना जळत असला तरी.

मी आणि चाचा माझ्या खोलीत डबे उघडून बसलो. दोघांनाही भूक नव्हती.

“आता मशीन वापस जाईल,” चाचा म्हणाले. “मी तर जाणारच होतो. पण हे असं, बटाटे करून जाणं बराबर न्हाई.”

मी कागद आवरायला घेतले. त्यांना लावलेली टाचणी निसटली आणि टेबलावरून घरंगळत चाचांच्या डब्याच्या पिशवीकडे गेली. खाली पडली नाही. कापडाला बाहेरून चिकटून उभी राहिली.

मी टाचणीकडे पाहिलं. मग चाचांकडे पाहिलं. चाचा भिंतीकडे पाहायला लागले.

“चाचा, पिशवीत काय आहे?”

“भाकर.”

“भाकरीला टाचणी चिकटते?”

मी पिशवी ओढली. डब्याखाली फडक्यात गुंडाळलेली नाल होती.

“अब्बांची निशाणी हाय ताई,” ते हळूच म्हणाले. “भट्टीत कशी टाकू? साहेबाला बोलू नको.”

मी साहेबांना सांगायच्या विचारात नव्हतेच. मी टाचणी काढत होते, लावत होते, काढत होते. नाल एवढी चुंबक झाली, कारण ती इतके महिने मशीनला चिकटून होती. म्हणजे चुंबकाची ओढ थोडी तिच्यातून वाहत होती. म्हणजे दसऱ्याला मशीननं जो हिशोब लावला, तो तिला धरूनच लावला. आम्ही तिला काढलं आणि मशीनचा हिशोब चुकला. हे डोक्यात आलं तेव्हा मला एकदम हसू फुटलं, आणि चाचांना वाटलं की बाई टेन्शननं गेली.

“उठा चाचा. नाल लावा.”

“कामून? नजर लागली म्हणून?”

“हो. माझीच लागली. लावा लवकर.”

त्यांनी नाल तोंड वर करून धरली, डब्याजवळ नेली, आणि चुंबकानं ती त्यांच्या हातातून हिसकून घेतली. दसऱ्यापासून जिथे होती तिथेच ती बसली. डब्याच्या अॅल्युमिनिअमवर तिचा फिका ठसा राहिला होता, त्यात अगदी नेमकी. चाचांनी एक पिस्टन कातला. मी पळत जाऊन मोजला. कागदावर पोळी निघाली.

मॅडम परत आल्या तेव्हा आणखी दोन पिस्टन तयार होते. त्यांनी आपल्यासमोर एक कातायला लावला, आपल्यासमोर मोजायला लावला, आणि कागदाकडे बराच वेळ पाहिलं.

“आता काय बदललं?”

“सेटिंग केली,” साहेब म्हणाले. त्यांना स्वतःलाच काही माहीत नव्हतं, पण ‘सेटिंग’ या शब्दानं आमच्याकडे पुष्कळ कामं होतात.

“कुठली सेटिंग?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मॅडम तोवर मशीनपाशी पोचल्या होत्या. त्यांना नाल दिसली. साहेबांनाही दिसली, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मला गप्प राहणं जमत नाही. मी घडाघडा सगळं सांगून टाकलं. खंडेनवमी, दसरा, मुहूर्त, जत्रा, भंगार, भाकर, टाचणी. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी नाल उपटून काढली, त्यासाठी त्यांना दोन्ही हात लावावे लागले, आणि एक पिस्टन कातायला लावला. बटाटा. नाल लावली. पोळी. पुन्हा काढली, पुन्हा लावली. संध्याकाळी सरांचा फोन लागला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“ती नाल तेव्हा होती?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच म्हणालात राहू द्या,” मी म्हटलं.

मॅडमनी त्यांना एवढंच विचारलं की नाल हलली नाही तर माप हलेल का. सर म्हणाले, नाही हलणार. मग मॅडमनी फोन ठेवला आणि त्या साहेबांकडे वळल्या.

“माप ज्याच्यावर अवलंबून आहे तो मशीनचा भाग. मला याचं ड्रॉइंग पाहिजे, पार्ट नंबर पाहिजे, आणि हे इथून निघणार नाही याची खात्री पाहिजे. नमुने यासकट पास होतील. उद्या तुम्ही हे काढून दुसरं काही बसवलंत, तर सगळी तपासणी पहिल्यापासून.”

“काही प्रॉब्लेम नाही,” साहेब म्हणाले. त्यांच्या अंगात पुन्हा प्राण आला होता. “चाचा, नाल आता कंपनीची बरं का.”

“न्हाई,” चाचा म्हणाले.

चाचा हातातल्या फडक्याला ग्रीस पुसत होते.

“बापाची हाय ती. विकायची न्हाई, द्यायची बी न्हाई. मी हाय तवर लावून ठेवतो. ज्या दिवशी तुम्ही कपाटातली शाल काढसाल, त्या दिवशी नाल पिशवीत घालून घरी नेईन.”

साहेबांना शाल चाचांना माहीत आहे हेच माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. मी खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चालल्यासारखं बघत राहिले.

“म्हणजे,” मॅडमनी शांतपणे वहीत लिहीत विचारलं, “हे गृहस्थ असेपर्यंत पार्ट आहे, असं समजू का?”

साहेब काय बोलणार. “समजा,” म्हणाले.

ड्रॉइंग काढायचं माझ्याकडे आलं. मी नाल एसीखाली टेबलावर ठेवली आणि मापं घेतली. सगळ्या बाजूंनी सारखी नव्हती. एका बाजूनं ती स्पष्ट जास्त झिजली होती.

“चाचा, ही बाजू अशी काय?”

“ती उजवीकडं दाबून चालायची,” ते म्हणाले. “स्टेशनावरून कापडाच्या दुकानांपर्यंत सवारी घेऊन जायची, अन् वळणावर एक हॉटेलवाला तिला शिळी भाकर द्यायचा. उजव्या हाताला होतं ते हॉटेल. मंग तिला सवयच पडली. अब्बा लगाम डावीकडं ओढून ओढून थकले.”

मी ते ऐकून पेन्सिल खाली ठेवली. आमच्या प्रत्येक भोकाचं माप त्या झिजेवर बसलेलं होतं. कुठल्या तरी रानात ट्रॅक्टर नांगरत असेल, आणि त्याच्या पोटात एका घोडीची भाकरीकडे वळायची खोड फिरत असेल. मी ड्रॉइंगवर झिजलेली बाजू दाखवली, बाण काढला, आणि बाजूला लिहिलं, ‘तोंड वर’.

पुण्याहून शिकून येणारा माणूस आला, पण चाचांच्या हाताखाली. तो त्यांना मशीनचा कॉम्प्युटर शिकवतो आणि चाचा त्याला माझ्याशी कसं भांडायचं ते शिकवतात.

पुढच्या खंडेनवमीला पूजा झाली. चाचा शिडीवर चढून माळा बांधत होते. साहेब कपाटाकडे गेले, कुलूप उघडलं, आणि ती शाल घेऊन बाहेर आले. मी जागच्या जागी थिजले. चाचाही शिडीवर थांबले, गाठ अर्धी राहिली. साहेब सरळ मशीनपाशी गेले, नालेच्या डब्यावर शाल घातली, तिच्यापुढे नारळ फोडला आणि हात जोडले. मग वर पाहून म्हणाले, “तुमचा सत्कार आता कधी करायचा ते हिलाच विचारतो चाचा.”

सगळे हसले. चाचा शिडीवरून उतरले. शालीची एक बाजू घसरत होती, ती त्यांनी वर घेतली आणि नीट खोचली. जरा वेळ तिथेच हात ठेवून उभे राहिले.

“थंडीत अब्बा घोडीवर पोतं टाकायचे,” ते मला म्हणाले. “रोज रात्री म्हणायचे, पैशे आले की हिला घोंगडी घेतो.”

मग त्यांनी खोबऱ्याचा तुकडा उचलला, तोंडात टाकला, आणि एसी जरा कमी कर म्हणून माझ्याशी भांडायला सुरुवात केली.